लिफ्ट सोडल्यावर

१ मार्च

आजपासून कामावर जायचं नाही. तरी पाचला उठलो, दाढी केली, बूट चढवले आणि मग आठवलं. बूट काढत होतो तेव्हा ही दारात उभी होती. चहा ठेवायला आत गेली.

एकतीस वर्षं रोज कामाची वही लिहिली. कुठली लिफ्ट, काय तक्रार, काय केलं, पुढच्या खेपेला काय बघायचं. काल साहेबांनी शेवटची वही मागून घेतली, कंपनीची मालमत्ता म्हणून. आज कोपऱ्यावरच्या दुकानातून ही नवी आणली. हिच्यात काय लिहायचं ते ठाऊक नाही, पण दिवस संपताना चार ओळी खरडल्या नाहीत तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही.

आजची नोंद: लिफ्ट नाही. तक्रार नाही.

वय चौपन्न. आणखी सहा वर्षं सहज काढली असती. कंपनीचं म्हणणं असं की नव्या लिफ्ट संगणकावर चालतात, माणसं कमी लागतात, ज्यांना लवकर निवृत्त व्हायचं असेल त्यांनी व्हावं. ‘व्हायचं असेल’ याचा अर्थ साहेबांच्या टेबलासमोर बसल्यावर कळतो. त्यांनी कागद पुढे सरकवला, मग पेन सरकवलं. टोपण आधीच काढून ठेवलेलं होतं.

३ मार्च

निरोपसमारंभाबद्दल परवा लिहायचं राहिलं. साहेब बोलले. काय बोलले कुणास ठाऊक, ते तोंडातल्या तोंडातच बोलतात. सगळे हसले तेव्हा मीही हसलो. एक घड्याळ दिलं.

पाना मागच्या खुर्चीवर बसला होता. पाना म्हणजे माझा जोडीदार. या कामाला एकट्याने भागत नाही. एक जण वर मशीनरूममध्ये, दुसरा केबिनच्या टपावर नाहीतर खाली दाराशी. बावीस वर्षं आम्ही दोघं. खिशात सदैव पाना, म्हणून नाव पाना. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाच आठवत असेल. बावीस वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस, पण निरोपाच्या दिवशी डोळ्याला डोळा भिडवेना. वाईट वाटलं असेल. जानेवारीत त्याचं हेल्मेट फुटलं तेव्हापासून तो जरा घुम्याच झालाय. त्या दिवशी चूक त्याची होती. टपावर उभा होता, मी वरून केबिन चालवत होतो, डोक्यावरचा बीम जवळ आला तर वेळेवर ‘थांब’ म्हणायचं की नाही? गप्प राहिला. हेल्मेट होतं म्हणून बरं. मी त्याला बोललो नाही, जोडीदाराला चारचौघांत बोलू नये.

७ मार्च

घरात राहण्याचे फायदे लिहून काढावेत असं हिने सुचवलं.

एक सापडला. ही फार मायाळू झाली आहे. काही सांगायचं असलं की आधी जवळ येते, दंडावर हात ठेवते, मी वळून बघेपर्यंत थांबते आणि मग बोलते. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आधी स्वयंपाकघरातूनच हाका मारायची. मी दिवसभर घरी असल्याचा परिणाम. कामामुळे बायकोकडे आपलं लक्षच नव्हतं, असं वाटून जरा खजील झालो.

दाराची बेल खराब झाली आहे. नवी आणून बसवली.

१० मार्च

नवी बेलही खराब निघाली. दुकानदाराकडे गेलो. त्याने माझ्यासमोर जोडून दाखवली आणि दोन्ही हात पसरून ‘बघा, काय वाईट आहे?’ असं केलं. दुकानात गर्दी होती, नीट समजलं नाही. घेऊन आलो. ही म्हणाली, राहू द्या आता, येणारे दार ठोठावतील.

१२ मार्च

आम्ही दोघं मोठ्या दुकानात चादरी आणायला गेलो. ही चादरी बघत असताना मी तिथल्या लिफ्टने चार वेळा वरखाली केलं. भिंतीला तळहात लावून उभा राहिलो. मशीन काय म्हणतंय ते मला कानापेक्षा हाताने जास्त कळतं, अलीकडे तर फारच. एकदम शांत लिफ्ट. देखभाल उत्तम. पाचव्या खेपेला ही बरोबर होती. म्हणाली, ‘केवढी किंचाळते हो ही.’ हिला लिफ्टमधलं काय कळणार.

तिथल्या सुरक्षारक्षकाने शेवटी विचारलं की तुम्हाला नेमकं कुठल्या मजल्यावर जायचंय. मी सांगितलं, कुठल्याच नाही. तो जरा सावध झाला.

१५ मार्च

इमारतीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. म्हणाले, ‘आता तुम्ही घरीच, म्हणजे आमची चंगळ. लिफ्ट अडकली की त्या कंपनीची माणसं यायला दोन-दोन तास लावतात.’ आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या कंपनीकडे आहे, जुनी, आत जाळीचं सरकतं दार असलेली. मी म्हटलं, एक हाक मारा.

घरी हिला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. ‘नको त्या भानगडी. तुम्ही निवृत्त झालात ना?’ मी म्हटलं, नोकरीतून झालोय, हातातून नाही. वाक्य मलाच आवडलं. तिला नाही आवडलं.

१९ मार्च

आज वाईट झालं. आहे तसं लिहितो.

दुपारी तीनच्या सुमाराला दार वाजलं. ही येऊन म्हणाली की वॉचमन आलाय. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती, आत पाचव्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई, कापडाच्या गठ्ठ्यासकट. ही म्हणाली, कंपनीला फोन करा. मी तोवर जिना चढायला लागलोही होतो. खरं सांगायचं तर अंगात तीन आठवड्यांत पहिल्यांदा वारं शिरलं होतं.

वॉचमनला सांगितलं, ‘तू चौथ्या मजल्यावर उभा राहा. बाईंना म्हणावं शांत बसा. काही झालं तर मला जोरात हाक मार.’ त्याच्याकडून किल्ली घेतली, वर मशीनरूममध्ये गेलो, मेन स्विच पाडला. मग एका हाताने ब्रेक सैल करायचा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. केबिन इंच इंच वर सरकते. दोरांवर मजल्याच्या खुणा रंगवलेल्या असतात, इथल्या पुसून गेल्या आहेत. त्यामुळे खालच्या माणसावरच अवलंबून राहायला लागतं.

मी फिरवत होतो. हाक आली नाही. एका जागी चाक जड गेलं. जुन्या लिफ्टमध्ये असं होतं, जरा जोर लावला. तेवढ्यात कुणीतरी मागून माझं मनगट पकडलं. वॉचमन. तोंड उघडं, घामाने निथळलेला, डोळे बाहेर आलेले.

त्याने चौथ्या मजल्याचं दार उघडून दिलं होतं. बाईंचा जीव घाबरला म्हणून. त्या जाळी सरकवून केबिनच्या कडेवर बसल्या, उतरायला पाय बाहेर सोडले आणि केबिन वर निघाली. एक पाय त्यांनी आत ओढला. दुसऱ्याचा घोटा केबिनची कड आणि दाराची चौकट यांच्यात सापडला.

चाक उलटं फिरवून पाय सोडवला. बाई शुद्धीवर नव्हत्या. त्यांना दवाखान्यात नेलं. घोट्याचं हाड मोडलं आहे.

मी घरी येऊन हात धुतले. हिने टॉवेल पुढे केला. मीच म्हटलं, ‘एक हाक मारायची होती त्याने. एक. तेवढंच काम होतं.’

२० मार्च

सेक्रेटरींच्या घरी समितीची बैठक झाली. वॉचमन दाराशी उभा. त्याने हातवारे करत बरंच काही सांगितलं. सेक्रेटरींनी मला विचारलं, हा म्हणतो की मी ओरडलो. तुम्ही ऐकलंत?

मी म्हटलं, ‘मी कान देऊन होतो. एक शब्द आला नाही. आला असता तर हात तिथेच थांबला असता. एकतीस वर्षं हेच काम केलंय.’

ते पुरलं. दार त्याने उघडलं हे तो कबूलच करत होता. उद्यापासून त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. नऊ वर्षं होता इथे. जाताना माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. मी मान हलवली.

त्याचं वाईट व्हावं म्हणून मी हे केलेलं नाही. जे घडलं ते सांगितलं.

२२ मार्च

काही नाही. दिवसभर बसून होतो. ही माहेरी फोनवर बोलत होती, मी आत गेल्यावर थांबली.

२७ मार्च

शिवणवाल्या बाई घरी आल्याचं कळलं, म्हणून फळं घेऊन वर गेलो. पाय प्लास्टरमध्ये, उशीवर. बाजूला शिवणयंत्र कापड टाकून झाकलेलं. सहा आठवडे पायडल मारता येणार नाही. तीन लग्नांचे कपडे परत पाठवले म्हणाल्या. माझ्यावर रागावलेल्या दिसल्या नाहीत, ते जास्त जड गेलं. त्या खणखणीत बोलतात, त्यांचं सगळं समजतं.

निघताना त्यांनी विचारलं, ‘वॉचमनभाऊ कसे आहेत? नवीनच कुणीतरी बसलेला दिसतो खाली.’

मी सांगितलं, काढलं त्याला. त्याने हाक मारली नाही म्हणून.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘कुणी मारली नाही?’

‘वॉचमनने.’

‘अहो, काय बोलताय! माझा पाय धरून बोंबलत होता तो माणूस. थांबा, थांबा, थांबा! मी स्वतः किंचाळत होते, तरी त्याचा आवाज माझ्याहून मोठा होता. शेवटी घसा फाटला तेव्हा वर पळाला. तुम्हाला नाही ऐकू आलं?’

मी म्हटलं, मशीनरूममध्ये आवाज असतो.

घरी येईपर्यंत लक्षात आलं होतं. मेन पाडलेला होता. आवाज कसला असणार?

बाई भल्या आहेत, गरिबाची नोकरी वाचावी म्हणून म्हणाल्या असतील. असंही होऊ शकतं.

२८ मार्च

मशीनबद्दल शंका आली की वाद घालत बसायचं नसतं, तपासायचं असतं. सकाळी हिला म्हटलं, चल.

तिला चौथ्या मजल्यावर उभं केलं. मशीनरूमची किल्ली आता सेक्रेटरींकडे असते, म्हणून मी मशीनरूमच्या बंद दाराबाहेर उभा राहिलो. म्हणजे त्या दिवसापेक्षा चार पावलं जवळच. तिला सांगितलं, ‘तू थांबा म्हणून ओरडत राहा. पूर्ण ताकदीने. मी ऐकू येईल तशा रेघा मारतो. दहा मिनिटांनी खाली येईन.’ ती म्हणाली, नका ना हे करू. मी म्हटलं, ओरड.

कागद भिंतीला लावून उभा राहिलो. घड्याळ बघितलं. मधे एकदा काहीतरी आलं, रेघ मारली. नंतर बऱ्याच वेळाने आणखी एक. तिसरीबद्दल खात्री नव्हती, पण मारली. बाकी सगळं शांत. मला वाटलं, ती लाजून हळू ओरडतेय. बायकांना जिन्यात ओरडायला संकोच वाटतो.

दहा मिनिटांनी खाली आलो. चौथ्या मजल्यावरची तिन्ही दारं उघडी होती. माणसं बाहेर आलेली. एका म्हातारबाईंनी हिला पाण्याचा पेला दिला होता. हिचा चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी, आवाज पार बसलेला.

‘किती वेळा?’ मी विचारलं.

तिने बोटं दाखवली. दहा, पुन्हा दहा, पुन्हा दहा, पुन्हा दहा. मग हात खाली सोडला, पुढचं मोजलं नव्हतं.

मी कागद दाखवला. तीन रेघा.

घरी आल्यावर ती माझ्यासमोर बसली. दंडावर हात ठेवला, मी वर बघेपर्यंत थांबली आणि तेव्हा मला त्या हाताचा अर्थ कळला. माया नव्हती असं नाही. पण ती माझ्या कानाची बेल होती.

‘किती दिवस?’

‘दोन वर्षं तरी.’ घोगऱ्या आवाजात.

‘मग मला सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं ना,’ ती म्हणाली. ‘खूप वेळा सांगितलं.’

आम्ही दोघं हसलो. आधी मी, मग ती. मग तिचं हसणं कुठेतरी मोडलं आणि ती उठून आत गेली.

बेल चांगली आहे. दोन्ही बेली चांगल्या होत्या.

३० मार्च

दोन दिवस जानेवारीतलं हेल्मेट डोळ्यांसमोरून हलत नाही. पानाला फोन केला नाही, फोनवर मला बोलता येत नाही हे आता कबूल केलेलं बरं. हिच्याकडून निरोप पाठवला. संध्याकाळी आला. समोरासमोर खुर्च्या ठेवून बसलो.

मी विचारलं, ‘त्या दिवशी टपावरून तू थांब म्हणालास?’

‘तीन वेळा,’ तो म्हणाला. ‘चौथ्यांदा आईची आठवण काढली.’

‘मग तेव्हाच का बोलला नाहीस?’

‘बोललो. तू म्हणालास, हळू का बोलतोस रे.’ त्याने खिशातला पाना काढून हातात फिरवला. ‘ऐक. तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. साहेबांना मी सांगितलं. कानाच्या तपासणीला तू दोन वर्षं गेला नाहीस तेही सांगितलं. साहेब म्हणाले, चौकशी लावली तर नाव जाईल त्याचं, त्यापेक्षा लवकर निवृत्तीच्या योजनेत बसवून मानाने घरी पाठवू.’



‘बावीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्याबरोबर टपावर चढायची भीती वाटायला लागली, लेका.’

‘दुसरा जोडीदार मागून घ्यायचास.’

‘मग तू त्या दुसऱ्याला बीमवर घातला असतास.’

ही चहा घेऊन आली. त्याने प्यायला. निघाला तेव्हा मी खुर्चीतून उठलो नाही. बावीस वर्षांत हेही पहिल्यांदाच.

१ एप्रिल

महिनाभर मी या वहीत साहेबांना, संगणकाला, पानाला, दुकानदाराला, वॉचमनला नावं ठेवली. मागची पानं आज वाचून काढली. लाज वाटली. फाडणार होतो. मग ठेवली. कामाच्या वहीतलं पान आम्ही कधी फाडलं नाही, नोंद चुकली तर तिच्याखाली दुरुस्ती लिहायची.

दुरुस्ती: तीन मार्च. पाना बोलला होता.

दुरुस्ती: बारा मार्च. ती लिफ्ट किंचाळत होती.

दुरुस्ती: एकोणीस मार्च. हाक आली होती. आणि चाक जड गेलं, तेव्हा हातानेही सांगितलं होतं. हाताने ऐकतो अशी माझी फुशारकी. तेही ऐकलं नाही.

४ एप्रिल

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, स्वच्छ तोंड उघडून बोलतात. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. मला वाटलं बराच वेळ यंत्र बंदच होतं. नव्हतं.

कागदावर एक रेघ काढून दाखवली. डावीकडे ठीक, मग कड्यावरून पडल्यासारखी खाली. बारीक, उंच आवाज गेलेत म्हणाल्या. बेल, शिट्टी, बायकांचे आवाज, लांबून मारलेली हाक. तीस वर्षं मोटारींजवळ कान उघडे ठेवून बसण्याचा परिणाम. कामावर कानात बोळे घालायचात का? मी म्हटलं, बोळे घातले तर मशीन काय म्हणतंय ते कसं कळणार? त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

विचारलं, दुरुस्त होईल? नाही. आतला जो भाग झिजतो तो पुन्हा येत नाही. म्हणजे याचे सुटे भाग मिळत नाहीत, हे मला चटकन समजलं. यंत्र लावून मदत होईल, पण पहिल्यासारखं होणार नाही, गर्दीत आणि वाऱ्यात तर अडचण येणारच.

मग मी विचारलं, असा माणूस लिफ्टच्या कामावर असावा का. त्या म्हणाल्या, ते कंपनीने ठरवायचं. मी म्हटलं, तुमचा भाऊ टपावर असता तर? त्यांनी मान हलवली. नाही.

बाहेर बाकावर दहा मिनिटं बसलो. गेला महिना मी मनातल्या मनात रोज कामावर परत जात होतो. साहेब स्वतः घरी येतात, चूक झाली म्हणतात, वगैरे. आज ते थांबलं. काही मोठं वाटलं नाही. उतरताना एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि जमीन लागावी, तसं.

८ एप्रिल

यंत्रं लागली. दोन, घेवड्याच्या दाण्याएवढी. सगळं जग पत्र्याचं झालं आहे. वर्तमानपत्राचं पान उलटलं की कडकडाट. माझ्या स्वतःच्या चपला मला ऐकू येतात. ही भाजी चिरताना गुणगुणते. कधीपासून गुणगुणतेस विचारलं, तर म्हणाली, लग्नाआधीपासून.

आमच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडून लिफ्ट जाते. दिवसभर ऐकत बसलो. दुसऱ्या मजल्यावर दाराचा रोलर घासतो. जिना उतरून सेक्रेटरींना सांगितलं, कंपनीला फोन करा, दुसऱ्या मजल्याचा रोलर. ते म्हणाले, तुम्हीच बघा ना जरा. मी म्हटलं, नाही. मी आता बघत नाही.

सोपं गेलं नाही. हात खिशात घालून वर आलो.

९ एप्रिल

काल सेक्रेटरींनाच म्हटलं होतं की समिती बोलवा. बोलावली, पण सगळ्यांना घाई होती.

उभा राहून सांगितलं. ‘वीस मार्चला मी इथे जे बोललो ते चूक होतं. वॉचमन ओरडला होता. मला ऐकू येत नाही. मला ते माहीत नव्हतं, पण ते माहीत करून घ्यायची संधी मला दोन वर्षं होती. शिवणवाल्या बाईंना विचारा. चौथ्या मजल्यावरच्यांना विचारा, माझी बायको किती वेळा ओरडली ते.’

कुणीतरी म्हणालं, झालं ते झालं. दुसरं कुणीतरी म्हणालं, पण दार त्यानेच उघडलं ना. मी म्हटलं, उघडलं, ते चूक. पण चाक मी फिरवत होतो, आणि मला तिथे जायलाच नको होतं. कंपनीला फोन करा असं माझी बायको म्हणाली होती. सेक्रेटरी म्हणाले, नवीन माणूस लागला आहे, त्याला काढता येणार नाही. मी म्हटलं, मग कागद द्या. त्याची चूक नव्हती, नऊ वर्षं काम चांगलं होतं, असा. दुसरीकडे दाखवायला.

ते तयार होईनात. मी बसलो नाही. उभाच राहिलो. शेवटी त्यांनी लिहिला. ‘चूक नव्हती’ऐवजी ‘गैरसमज झाला’ लिहिलं होतं. मी परत दिला. दुसऱ्यांदा नीट लिहिला.

घरी येऊन बूट न काढताच खुर्चीत बसलो. हिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, बोलून आलो.

१० एप्रिल

पानाकडे जाऊन आलो. फार बोललो नाही. त्याचा नवा जोडीदार कसा आहे विचारलं. म्हणाला, घोरतो. मी म्हटलं, कामावर? म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत. निघताना तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि माझ्या उजव्या बाजूने चालला, कारण उजवा कान बरा आहे. मी त्याला हे कधीच सांगितलेलं नव्हतं.

११ एप्रिल

शिवणवाल्या बाईंकडे वॉचमनचा पत्ता होता. बाईंचे कापडाचे गठ्ठे वॉचमनच वर आणून द्यायचे. बाजारामागच्या गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत ते आता काम करतात. दिवसभर उन्हात, हातात काठी, गाड्या मागेपुढे घ्यायला लावायच्या.

दोन बस बदलून गेलो. ही येते म्हणत होती, मी नको म्हटलं.

लांबूनच त्यांनी मला पाहिलं आणि पाठ फिरवली. मी जवळ जाऊन उभा राहिलो. गाड्यांचे भोंगे, इंजिनं, शेजारी कुठेतरी दगड फोडायचं यंत्र. कानात नुसता गोंगाट. मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, हळूहळू, दोनदा. घडी घालून खिशात ठेवला.

मी म्हटलं, ‘माझ्यामुळे तुमची नोकरी गेली. मी खोटं बोललो नव्हतो. पण जे बोललो ते खोटं होतं. माफी मागायला आलोय.’

ते काहीतरी म्हणाले. ओठ हलले, यंत्रात फक्त दगड फुटत होते. जन्मभराच्या सवयीने माझी मान हलायला लागली. मी ती थांबवली.

‘ऐकू आलं नाही,’ मी म्हटलं. ‘परत सांगा.’

त्यांनी परत सांगितलं. मी पुन्हा मान हलवून नाही म्हटलं. ‘जोरात सांगा. मला खरंच ऐकू येत नाही.’

ते एक पाऊल पुढे आले. माझ्या कानातलं यंत्र त्यांना तेव्हा दिसलं असावं. काही क्षण त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा गळा फुगला आणि ते इतक्या मोठ्याने ओरडले की दोन गाडीवाले काचा खाली करून बघायला लागले.

‘मी ओरडलो होतो!’

‘हो,’ मी म्हटलं. ‘ओरडला होतात.’

ते जोरजोराने श्वास घेत उभे होते. मग मागून एक गाडी आली, त्यांनी कपाळ पुसलं आणि काठी उचलून तिला वाट दाखवायला गेले. मी थोडा वेळ थांबलो. ते परत आले नाहीत, कामात होते. मी बस पकडून घरी आलो.